आजाऱ्यांच्या प्रार्थनेतला रंगारी

रंगारी शिडीवरून पडला तो दुसऱ्या एका माणसाच्या भक्तीमुळे, आणि ह्या विधानात कसलीही अतिशयोक्ती नाही. चर्चच्या छताला आकाशी रंग देण्याचे काम जवळजवळ संपले होते. गायकवृंद ज्या सज्ज्यात बसतो त्याच्या वरचा एक कोपरा तेवढा राहिला होता. खालची फरशी नुकतीच घासूनपुसून आरशासारखी केलेली, आणि रंगाऱ्याचा मदतनीस त्याच आठवड्यात बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी निघून गेलेला. तेव्हा ऑर्गनवर सराव करीत बसलेले गायनमास्तर आपण होऊन उठले आणि त्यांनी शिडी धरली. चांगली घट्ट धरली. मग दुपारची घंटा झाली.

घंटा झाली की असाल तिथे थांबायचे, हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि प्रार्थना म्हणायची, अशी शिस्त मास्तरांना त्यांच्या आईने लहानपणी लावलेली होती, आणि मास्तरांनी ती आजारपणात किंवा परीक्षेच्या वर्गातसुद्धा कधी मोडली नव्हती. तशी ती आजही मोडली नाही. डोळे उघडले तेव्हा शिडी आडवी झाली होती, आकाशी रंगाची बादली पालथी झाली होती, आणि दोन बाकांच्या मधल्या फटीतून रंगारी देवाचे नाव घेत होता. प्रार्थनेत ते ज्या सुरात घेतात त्या सुरात मात्र नव्हे.

पाय मांडीत मोडला होता. रंगाऱ्याच्या आयुष्यात ही आपत्ती होती. चर्चच्या आयुष्यात तिने जे स्थान मिळवले ते समजण्यासाठी तिथल्या दयाकार्य मंडळाची पूर्वस्थिती ठाऊक हवी.

मंडळ पुष्कळ वर्षांचे होते, आणि त्याला एकच उणीव होती. दया करायला कोणी नव्हते. वस्ती खाऊनपिऊन सुखी. गरीब लोक रुळांपलीकडे राहत. ते संख्येने फार होते, चर्चचे नव्हते, आणि दिलेली वस्तू घेऊन आभार न मानता चालू लागत, असा मंडळाचा एकदाचा अनुभव होता. त्यामुळे बायका दूरदेशीच्या अनोळखी अनाथांसाठी शाली विणत आणि त्या कपाटात ठेवत. फादर दर काही महिन्यांनी प्रवचनातून समजावून सांगत की तारण मिळते ते कृपेने, सत्कृत्ये ही त्या कृपेची फळे आहेत, तिचा मोबदला नव्हे. लोक माना डोलवत, आणि मनात विचारत की मोबदला नसेल तर नसो, पण फळे लावायला जमीन तरी कुठे आहे?

रंगारी पडला आणि जमीन मिळाली. तो त्यांच्यातलाच होता, त्यांच्याच छताखाली पडला होता, दिसायला बरा होता आणि आभार मानत असे. अध्यक्षीण होत्या बेकरीवाल्या बाई. चर्चची फरशी त्यांनीच घासून घेतली होती आणि आपोआप वाजणारी घंटाही त्यांच्याच देणगीतून आली होती, म्हणजे अपघाताच्या दोन्ही साहित्यांवर त्यांच्या नावाच्या पाट्या होत्या. ह्याची कुजबुज कोणी केली नाही, पण बाईंनी दुसऱ्याच दिवसापासून सूप सुरू केले. त्यांच्या पाठोपाठ घरटी वार लागले. कुठल्या घरातून अंडी, कुठून पाव, कुठून उकडलेल्या भाज्या. कपाटातल्या शाली बाहेर निघाल्या. रविवारी आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत ‘आणि आपला रंगारी’ असे शब्द घातले गेले. त्या शब्दांना होकार देणारा आवाज इतर कुठल्याही विनंतीपेक्षा मोठा येई.

रंगारी आपल्या थोरल्या बहिणीबरोबर एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांत राहत असे. ताई विधवा होती आणि लोकांचे कपडे उसवून दुरुस्त करून देई: चेन बदलणे, काठ दुमडणे, बाह्या आखूड करणे. शिवणयंत्र खिडकीशी, पलंग भिंतीशी, आणि मधल्या जागेत आता मंडळ. भेटायला येणारे गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर बसत. दयेतली एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. ती भांड्यांतून येते, आणि भांडी घासून परत करावी लागतात. कुठला डबा कोणाचा, कुठल्या झाकणाचा दांडा आधीपासून मोडका होता, हे सगळे ताईला सांभाळावे लागे. एकदा तिने झाकणांची अदलाबदल केली तर दोन घरांत बोलणे बंद झाले.

“पाय तुझा मोडला,” ती भावाला म्हणाली, “आणि कंबर माझी. ह्यांना सांग, पुढच्या खेपेला मलाच पाडा.”

आणखी एक बदल रंगाऱ्याने स्वतः टिपला. पडण्यापूर्वी सगळे त्याला तुम्ही म्हणत. चांगला कारागीर होता, वय झालेले होते. पडल्यावर महिनाभरातच तो सर्वांच्या तोंडी तू झाला. बेकरीवाल्या बाई तर त्याच्या उशाशी बसून, लहान मुलाला भरवताना काढतात तसा आवाज काढत. ह्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्याला आपण भरवतो त्याला उंच खुर्चीवर बसवता येत नाही, इतकेच. एकटे मास्तर अजून तुम्ही म्हणत, पण ते आदराने नव्हे. ते त्याच्याशी बोलताना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असत.

मास्तर रोज दुपारी येत आणि संतचरित्रे वाचून दाखवत. आजाऱ्याला धीर यावा म्हणून त्यांनी निवडलेल्या संतांपैकी बहुतेक सगळे हालहाल होऊन मेलेले होते. कोणाला जाळले होते, कोणाची कातडी सोलली होती. रंगारी छताकडे बघत पडून राही. स्वतःच्या घराच्या छताला पोपडे आले होते, आणि ते खरवडून खड्ड्यांत लांबीचा लगदा भरायला किती वेळ लागेल ह्याचा हिशेब करीत तो हुतात्म्यांचे हाल संपण्याची वाट पाही.

पाय मात्र भरून आला. प्लास्टर निघाले, काठी सुटली, आणि डॉक्टरांनी सांगितले की चाला, चढा, काय हवे ते करा. रंगाऱ्याने ब्रश रॉकेलात भिजवून मऊ केले आणि काम शोधायला बाहेर पडला. तेव्हा त्याला कळले की आपण बरे झालो आहोत ही बातमी फक्त आपल्याला आणि डॉक्टरांना आहे.

कापडाच्या दुकानाचा मालक, ज्याच्या दुकानाच्या भिंती ह्यानेच दोनदा रंगवल्या होत्या, त्याला खुर्ची द्यायला धावला. काम हवे आहे म्हटल्यावर तो घाबरला.

“अरे, तुझ्यासाठी मी दर रविवारी गुडघे टेकतो,” तो म्हणाला, “आणि तुलाच शिडीवर चढवू? मग मी तिथे मागत होतो ते काय?”

असेच शाळेत, असेच दवाखान्यात. ज्याच्या नावाने सगळे गाव आठवड्यातून एकदा सुस्कारे टाकते त्याच्या हाती कोणी भिंत देत नाही. रंगाऱ्याचे हात शाबूत होते, पाय शाबूत होता, धंदा तेवढा प्रार्थनेने बसला होता. आणि त्यावर इलाज त्याला एकच दिसला. छताचा तो राहिलेला कोपरा. धूर बसून काळपट झालेला तो तुकडा दर रविवारी, वर डोळे लावून प्रार्थना करणाऱ्या सगळ्यांच्या नजरेत येई. तो ज्या दिवशी आकाशी होईल आणि तो कोणी केला हे ज्या दिवशी लोकांना दिसेल, त्या दिवशी आपण पुन्हा रंगारी होऊ, हे त्याला स्वच्छ कळले.

तो फादरांकडे गेला. प्रार्थनेतून आपले नाव काढा आणि कोपरा आपल्याला पुरा करू द्या, अशा त्याच्या दोन मागण्या होत्या. फादरांची खोली लहान आणि पुस्तकांनी भरलेली होती. ते चांगले शिकलेले, प्रामाणिक गृहस्थ होते, आणि प्रामाणिक असल्यामुळेच त्यांना उत्तर देणे जड गेले. त्यांनी आधी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे केला, मग खिडकी उघडली, मग बंद केली.

“तुला खरं सांगू?” ते शेवटी म्हणाले. “तू पडल्यापासून हे चर्च उभं राहिलंय. लोक एकमेकांकडे जातायत. भांडणारी दोन घरं तुझ्या पलंगाशी भेटली.”

“झाकणांवरून पुन्हा भांडली, फादर.”

“तरी. पुढच्या आठवड्यात बिशप येतायत. त्यांना मंडळाचं काम बघायचंय. तेवढं होईपर्यंत धीर धर. बाईंनी तुझ्यासाठी चाकांची खुर्ची मागवलीय.”

“मला चालता येतं.”

“मलाही दिसतंय,” फादर म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. कोपऱ्याचे म्हणाल तर बाहेरगावचा एक माणूस सोमवारी येणार होता. ठरलेही होते.

म्हणजे सोमवारी आपला कोपरा परका माणूस रंगवणार आणि आपण पुढच्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बसून बिशपांना आपले कृतज्ञ तोंड दाखवणार. रंगारी घरी आला. ताईने ऐकून घेतले आणि दोरा तोडला.

“कृपा फुकट मिळते म्हणतात ना हे?” ती म्हणाली. “मग तुझ्या पायाचं भाडं कशाला घेतायत?”

शनिवारी सकाळी चर्च रिकामे असते. शिडी तिथेच मागच्या खोलीत पडली होती, रंगही झाकण लावून ठेवलेला. फक्त त्या फरशीवर शिडी धरायला वजनदार माणूस हवा होता. ताई म्हणाली, मी धरली तर ती मलाच घेऊन पडेल. खालच्या सायकलवाल्याचे दोन्ही खांदे निकामी. रंगारी शुक्रवारी मंडळाच्या घरोघर फिरला. आजवर ते त्याच्याकडे आले होते, पहिल्यांदाच तो त्यांच्याकडे गेला, आणि हे काही कोणाला बरे वाटले नाही. त्याला पाव मिळाला, गरम मोजे मिळाले, एका घरी पाठ शेकायची पिशवी मिळाली. बेकरीवाल्या बाईंनी त्याचे गाल चाचपून ताप तर नाही ना हे पाहिले. शिडी धरायला कोणी कबूल झाले नाही. ते पाप होते म्हणून नव्हे. त्यांच्या हातून होणाऱ्या सत्कृत्यांत ते बसत नव्हते, एवढेच. सत्कृत्य म्हणजे जे द्यायला आपण आधीच निघालो आहोत ते, अशी त्यांची न बोललेली व्याख्या होती. समोरच्याला काय हवे आहे, हा प्रश्न त्या व्याख्येत आगंतुक होता.

दुपारी मास्तर पुस्तक घेऊन आले. त्या दिवशीच्या संताला सिंहापुढे टाकायचे होते.

“मास्तर, पुस्तक राहू द्या. मला तुमच्याकडून एक काम हवंय.”

मास्तरांचा चेहरा इतका उजळला की ताईने यंत्र थांबवून पाहिले. इतके दिवस ह्या माणसाने त्यांच्याकडे काहीच मागितले नव्हते.

“उद्या शिडी धरा.”

मास्तरांनी पुस्तक मांडीवर मिटले. 

“ते सोडून काहीही सांगा,” ते म्हणाले.

“ते सोडून सगळं होतंच आहे. अंडी येतात, शाली येतात, सिंहसुद्धा येतात. शिडी धरायला माणूस येत नाही.”

“तुम्हाला कळत नाही. माझा माझ्या हातांवर भरवसा उरला नाही. ऑर्गन वाजवतानासुद्धा ते मध्येच उचलले जातात.”

“मी तुम्हाला माफ केलं त्याला जमाना झाला, मास्तर. प्लास्टर ओलं होतं तेव्हाच केलं.”

“तेच तर,” मास्तर म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज चढला. “तुम्ही फुकटात माफ केलंत. एक शिवी नाही, काही नाही. ते मला घेता येत नाही. मला काहीतरी करून फेडू द्या.”

“फेडलीत तर ती माफी कसली?” रंगारी म्हणाला. “ती झाली. तुम्ही उद्या आलात तरी झाली, नाही आलात तरी झाली. तिचा विषय संपला. आता मला छत रंगवायचंय आणि शिडी धरायला कोणीतरी लागतं, हा वेगळा विषय.”

ताईने यंत्राच्या चाकावर हात ठेवला.

“आणि घंटा झाली की?” तिने विचारले.

मास्तर उठले. पुस्तक तिथेच विसरून ते जिना उतरून गेले.

शनिवारी रंगाऱ्याने शिडी लावली, रंग ढवळला, कोपऱ्याकडे पाहिले आणि वाट पाहिली. कोणी आले नाही. शेवटी त्याने शिडीचे पाय एका बाकाला दोरीने बांधले आणि चढायला लागला. चौथ्या पायरीवर बाकासकट शिडी हळूच सरकली. तो उतरला, कपाळाचा घाम पुसला, आणि पुन्हा चढणार इतक्यात मागच्या खांबाआडून पावले आली. मास्तर पहाटेपासून तिथल्या बाकावर बसून होते. आत्तापर्यंत पुढे का आलो नाही, ह्याचा खुलासा त्यांनी केला नाही. कोट काढून ठेवला, बूट काढून अनवाणी उभे राहिले, आणि शिडी धरली.

रंगारी चढला. पहिल्या पायऱ्यांना त्याने धडका पाय आधी टाकला, मग त्याला जुनी सवय आठवली. त्याने धूर खरवडला, भेगांत लांबी भरली, काचकागदाने घासले. खाली मास्तरांच्या डोक्यावर भुकटी पडत होती. ती झटकायलाही त्यांनी हात काढला नाही. मग रंगाचा पहिला हात सुरू झाला. काळपट तुकड्यावर ओला आकाशी पट्टा फिरला की मास्तर वर न बघताही तो वासाने ओळखत.

मध्यान्ह जवळ आली तसे ते पांढरे पडू लागले. घंटा यंत्रावर होती, तिला कोणी थांबवू शकत नव्हते. रंगाऱ्याला वरून त्यांचे टक्कल तेवढे दिसत होते, आणि त्यावरून ओघळणारा घाम. उतरावे का, असे त्याच्या मनात आले. उतरला असता तर शहाणपणाचे झाले असते. पण उतरलो तर हा माणूस आयुष्यभर पुस्तके वाचत राहील, हेही त्याला कळत होते. तो उतरला नाही. ब्रश बुडवून त्याने हात लांब केला, अगदी शेवटच्या टोकाकडे.

त्याच वेळी बेकरीवाल्या बाई आत आल्या. सुपाचे भांडे घेऊन त्या रंगाऱ्याच्या घरी गेल्या होत्या आणि ताईने त्यांना मोठ्या समाधानाने खरे काय ते सांगितले होते. त्या बोलायला तोंड उघडणार तोच घंटा झाली. बाईंनी भांडे बाकावर ठेवले, हात जोडले, डोळे मिटले. पण काहीतरी चुकते आहे असे वाटून एक डोळा उघडला. मास्तर दोन्ही हातांनी शिडीला धरून उभे होते. बोटांची पेरे पांढरी पडली होती.

“मास्तर,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, “घंटा झाली.”

“ऐकली.”

“हात.”

“हात कामात आहेत,” मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते शिडीच्या पायांवरून हलत नव्हते.

घंटा वाजायची तेवढी वाजली. इतकी लांब ती त्याआधी कधी वाजली नव्हती, असे मास्तर पुढे सांगत. देणगीदार बाईंचे म्हणणे असे की ती नेहमीएवढीच वाजते. वरून ब्रशाचा सपसप आवाज येत राहिला.

घंटेपाठोपाठ फादर आले. त्यांनी दारातूनच वर पाहिले आणि ते तसेच उभे राहिले. कोपरा आकाशी झाला होता. खरे तर बाकीच्या छतापेक्षा जास्तच आकाशी. जुना रंग तोवर मेणबत्त्यांनी फिका पडला होता, आणि जोड कायम दिसत राहणार होती. रंगारी खाली आला.

“सोमवारच्या माणसाला नको म्हणून कळवतो,” फादर म्हणाले. मग थोडे थांबून, “आणि प्रार्थनेतलं नाव काढतो.”

“काढू नका, फादर. आजाऱ्यांतून काढून बेकारांत घाला. बिशपांनाही म्हणायला लावा.”

फादर हसले, आणि मग लाजले, कारण हसण्यासारखे ते नव्हते. रंगारी शिडीच्या खालच्या पायरीवर बसला आणि बाकावरचे सुपाचे भांडे त्याने ओढून घेतले. किती महिन्यांनी त्याला खरी भूक लागली होती. तो चमच्याशिवायच प्यायला.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

बाई बघत राहिल्या. “आजच?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत तुम्ही?” बाई म्हणाल्या. त्या दुखावल्या होत्या, पण लहान मुलांसाठी राखलेला तो आवाज त्यांच्या गळ्यातून गेला होता. त्यांनी भांडे हातात घेतले, बोट बुडवून चाखले आणि मीठ घालायला त्या ते घरी घेऊन निघाल्या.

मास्तर अजून शिडी धरूनच उभे होते, जरी तिच्यावर आता कोणी नव्हते.

“सोडा आता, मास्तर.”

“दुसरा हात द्यायचा असेल ना?”

“पहिला वाळल्यावर. संध्याकाळ होईल.”

“होऊ दे,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी शिडी सोडली नाही.